मूल्यमापन आराखड्याची पार्श्वभूमी वारंवार परत येत असेल तर काय तपासावं

डिजिटल ग्रंथालयाच्या मूल्यमापनाचा आराखडा तयार होतो, समितीपुढे जातो आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतो. पद्धतीवर फारसं कोणी बोलत नाही, खर्चाच्या तक्त्यावर एखादी शंका निघते. पार्श्वभूमीच्या पानांवर मात्र समासात शेरे असतात: ‘संबंध स्पष्ट करावा’, ‘फार विस्तृत’, नाहीतर नुसतंच प्रश्नचिन्ह. मग लिहिणारा आणखी दोन परिच्छेद घालतो, कारण ‘स्पष्ट करा’ म्हटलं की वाढवायचं असा आपल्याकडे समज आहे. दुसऱ्या खेपेला शेरा तोच येतो, फक्त जरा चिडलेला.

एमलिबच्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, महाविद्यालयीन ग्रंथपालांचे प्रस्ताव, शंभरी ओलांडलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यवाहांनी पाठवलेले मसुदे असं बरंच काही वाचायला येतं. बिघाड मोजकेच आहेत आणि तेच तेच आहेत. खाली ते तपासायच्या क्रमाने दिले आहेत. पहिले दोन नीट झाले तर पुढचे निम्मे आपोआप सुटतात, म्हणून थेट खालच्या मथळ्यावर उडी मारू नका.

हा मजकूर आला कुठून?

पार्श्वभूमी सहसा कोणी बसून लिहीत नाही, ती उचलली जाते. तीन ठिकाणं ठरलेली आहेत: वार्षिक अहवाल, अनुदानाचा मूळ प्रस्ताव आणि शतकमहोत्सवी स्मरणिका. स्मरणिकेतून आलेला मजकूर लगेच ओळखू येतो. ‘वाचनसंस्कृती जोपासण्यात मोलाचा वाटा’, ‘काळाची गरज ओळखून’, ‘उदंड प्रतिसाद’. ही वाक्यं खोटी असतील असं नाही. पण त्यांच्यावरून मूल्यमापन करणाऱ्याला काहीच करता येत नाही. ज्याचा प्रतिसाद उदंड आहे हे आधीच ठरलंय, त्याचं मूल्यमापन कशाला करायचं, असा सरळ प्रश्न समितीला पडतो.

प्रस्तावातून उचललेला मजकूर जास्त फसवा, कारण तो गंभीर दिसतो. त्यात आकडे असतात, उद्दिष्टं असतात. पण प्रस्ताव लिहिला गेला तो डिजिटल ग्रंथालय का उभारावं हे पटवायला. तो वाद संपला, पैसे मिळाले, स्कॅनिंग झालं. आता प्रश्न आहे की जे उभं राहिलं ते चालतंय का. साधी चाचणी सांगतो. पेन्सिल घ्या आणि पार्श्वभूमीतल्या भविष्यकाळी क्रियापदांना गोल करा: ‘उपलब्ध होईल’, ‘सुलभ होणार आहे’, ‘लाभ घेता येईल’. एका पानावर चार-पाच गोल झाले तर तो मजकूर प्रस्तावाचा आहे.

मात्र तो प्रस्ताव फेकू नका. त्यातली आश्वासनं फार कामाची असतात. ‘संपूर्ण मजकुरात शोध घेता येईल’ असं तेव्हा लिहिलं असेल आणि आज फक्त शीर्षक आणि लेखक यांवरच शोध चालत असेल, तर ती तफावत पार्श्वभूमीत यायलाच हवी, भूतकाळात आणि तारखेसह. कोणी, कोणाला, काय कबूल केलं होतं, एवढं चार ओळींत मांडलं की समितीला मोजमापाचा आधार मिळतो. बाकीचा प्रस्ताव फाइलमध्येच बरा.

प्रश्न ठरायच्या आधी लिहिलेली पार्श्वभूमी

माझ्या मते मूळ दुखणं हेच. अनुक्रमणिकेत पार्श्वभूमी पहिली असते म्हणून ती पहिली लिहिली जाते. मूल्यमापनाचे प्रश्न तेव्हा ठरलेले नसतात, आणि प्रश्नच माहीत नसला की सगळंच महत्त्वाचं वाटू लागतं: संस्थापकांची नावं, इमारतीचा मजला, सर्व्हरची क्षमता, वाचकसंख्या, कोविडचा काळ, देणगीदार. कुठलंही वाक्य काढायला हात धजत नाही.

उपाय असा. आधी एका कागदावर दोनच गोष्टी लिहा. एक, या मूल्यमापनानंतर कोण कोणता निर्णय घेणार आहे. दोन, त्या निर्णयासाठी कोणते तीन-चार प्रश्न सुटायला हवेत. निर्णय खरा हवा. ‘सेवेचा दर्जा सुधारणे’ हा निर्णय झाला नाही. ‘पुढच्या आर्थिक वर्षात स्कॅनिंगचा दुसरा टप्पा घ्यायचा की झालेल्या पानांच्या नोंदी सुधारायच्या’ हा निर्णय आहे, कारण त्यात एक घेतलं की दुसरं मागे पडतं आणि कार्यकारी मंडळात त्यावर भांडण होऊ शकतं.

मग पार्श्वभूमीच्या प्रत्येक परिच्छेदासमोर समासात प्रश्नाचा क्रमांक टाका. ज्या परिच्छेदाला क्रमांक मिळत नाही तो परिशिष्टात जातो. ही बाजू लोक पटकन करतात. उलटी तपासणी मात्र राहून जाते: प्रत्येक प्रश्नाला किमान एक परिच्छेद मिळतोय का? मसुद्याच्या सहाव्या पानावर ‘मोबाइलवर वाचताना येणाऱ्या अडचणी’ असा प्रश्न उगवतो आणि पार्श्वभूमीत मोबाइलचा शब्दही नसतो. ‘संबंध स्पष्ट करावा’ हा शेरा पुष्कळदा याच ठिकाणचा असतो, आणि लिहिणारा भलत्याच पानावर इतिहास वाढवत बसतो.

इतिहास किती ठेवायचा

मुंबईत ही अडचण जास्त आहे, कारण इथल्या ग्रंथालयांपाशी इतिहास भरपूर आहे. एशियाटिक सोसायटीची सुरुवात १८०४ची, टाउन हॉल १८३३चा, डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७०ची, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. अशा संस्थेत काम करणाऱ्याला स्थापनेपासून सुरुवात न करणं जवळजवळ अपराध वाटतं.

इतिहासाला बंदी नाही. तो आजच्या संग्रहाच्या एखाद्या गुणधर्मापर्यंत येऊन पोचला पाहिजे, एवढंच. ‘संस्था एकोणिसाव्या शतकात स्थापन झाली’ हे वाक्य एकटं निरुपयोगी. त्यापुढे ‘त्यामुळे स्कॅन केलेल्या पुस्तकांतली बरीच जुन्या छपाईची, ठिसूळ कागदाची आहेत, पानांच्या कडा तुटलेल्या आहेत आणि ओसीआरला अक्षरं नीट सापडत नाहीत’ असं आलं की ते पार्श्वभूमीत शोभतं. (ओसीआर म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर करणारी यंत्रणा.) समुद्राकाठची दमट हवा, पावसाळ्यात पानांवर येणारी बुरशी, वाळवी याही गोष्टी तशाच. स्कॅनिंगच्या क्रमावर त्यांचा परिणाम झाला असेल, म्हणजे आधी खराब होणारी पुस्तकं घेतली आणि जास्त मागणीची मागे राहिली असं घडलं असेल, तर ते लिहा. संग्रह आणि वाचकांची मागणी यांत मेळ का बसत नाही याचं उत्तर कदाचित तिथेच असेल.

डिजिटल ग्रंथालय ज्यावर चालतं त्या सॉफ्टवेअरलाही हाच नियम. डीस्पेस २००२मध्ये एमआयटी आणि एचपी यांनी मिळून आणलं, ग्रीनस्टोन न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातलं, हे परीक्षेत लिहायचं. आराखड्यात तुम्ही कोणती आवृत्ती चालवता, ती शेवटची कधी अद्ययावत झाली आणि बसवून देणारा माणूस अजून फोन उचलतो का, हे हवं. (शेवटचं गमतीने लिहिलेलं नाही. निम्म्या संस्थांत खरी मर्यादा तीच असते.)

कुंपण कुठे आहे ते लिहिलेलंच नाही

पार्श्वभूमी वाचून झाल्यावरही मूल्यमापन नक्की कशाचं होणार ते कळत नाही, हे फार वेळा घडतं. त्याऐवजी डिजिटल ग्रंथालयाच्या व्याख्या मात्र दिलेल्या असतात, आणि त्यात डिजिटल लायब्ररी फेडरेशनची १९९८ची व्याख्या हमखास. व्याख्या चांगली आहे. पण तुमच्या संस्थेत काय येतं आणि काय येत नाही ते ती सांगत नाही.

एखाद्या महाविद्यालयाचं उदाहरण घ्या. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर स्वतःच्या संग्रहातली स्कॅन केलेली पुस्तकं असतात, जुन्या प्रश्नपत्रिका असतात, वर्गणी भरून घेतलेली ई-नियतकालिकं असतात, विद्यापीठांचे प्रबंध ठेवणाऱ्या शोधगंगेचा दुवा असतो आणि नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचाही. वाचकाच्या नजरेत हे सगळं एकच. तुमच्या ताब्यात मात्र पहिल्या दोनच गोष्टी आहेत. शोधगंगा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आयआयटी खरगपूर चालवतं. विद्यार्थ्याने ‘प्रबंध उघडत नाही’ अशी तक्रार केली तर ती तुमच्या मूल्यमापनात मोजायची की नाही? हे आधी ठरलं नसेल तर प्रश्नावलीची उत्तरं हाती आल्यावर वाद होतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

शेवटी हे लिहायला चार ओळी पुरतात. काय आत, काय बाहेर, आणि सीमेवरच्या गोष्टींचं काय करणार. सीमेवरची एक गोष्ट नेहमी विसरली जाते: तुमच्या नोंदी दुसऱ्या एखाद्या पोर्टलने घेतल्या असतील, तर वाचक तिकडून शोध घेऊन थेट तुमच्या पुस्तकापाशी येतो. तुमच्या शोधपेटीत तो काहीच टाइप करत नाही. मग ‘आमचा शोध कोणी वापरत नाही’ या निष्कर्षाचा अर्थच बदलतो.

मराठी मजकुराचा गुंता पार्श्वभूमीत आलाच पाहिजे

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या नमुन्यांवरून बेतलेल्या आराखड्यांत हा भाग नसतोच, आणि मराठी संग्रहाच्या मूल्यमापनात निम्मे निकाल इथेच ठरतात.

वाचक ‘काही’ टाइप करतो. १९६२च्या लेखननियमांच्या आधी छापलेल्या पुस्तकात तोच शब्द ‘कांहीं’ असतो, ‘नाही’चं ‘नाहीं’ असतं, ‘त्याने’चं ‘त्यानें’ असतं. ओसीआर अगदी निर्दोष झाला तरी शोध रिकामा येतो, कारण यंत्राच्या दृष्टीने ते वेगळे शब्द आहेत. शोधयंत्रणेत अनुस्वार दुर्लक्षित करण्याची सोय केली असेल तर गोष्ट वेगळी. केली आहे की नाही, हे पार्श्वभूमीत एका वाक्यात सांगायचं.

दुसरा थर युनिकोडचा, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीचा. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात जुळत नाहीत. ‘ॲ’चंही तसंच. तो एक स्वतंत्र वर्ण म्हणून टाइप होतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. दोन वेगवेगळ्या कळफलकांवर काम करणाऱ्या दोन सहायकांनी नोंदी केल्या असतील तर तुमच्या तालिकेत हे दोन्ही प्रकार एकत्र नांदत असणार.

त्याच्याही खाली जुन्या फाँटांचा थर. युनिकोडपूर्व काळात टाइप केलेल्या याद्या नंतर रूपांतरित केल्या जातात आणि रूपांतरात रफार पुढेमागे सरकतात, जोडाक्षरं फुटतात. काही संस्थांत नोंदी रोमन लिपीतच केलेल्या असतात आणि ‘ज्ञ’ कसा लिहायचा यावर प्रत्येकाचं स्वतंत्र मत असतं. मोडीतली कागदपत्रं संग्रहात असतील तर प्रश्न आणखी वेगळा. मोडीला युनिकोडमध्ये २०१४मध्ये जागा मिळाली, पण तुमच्या संग्रहातली मोडीची पानं बहुधा नुसती चित्रं म्हणूनच आहेत.

हे सगळं पद्धतीच्या भागात नको का? काही मार्गदर्शक तसं म्हणतात. मला ते पटत नाही. पार्श्वभूमीत हे नसेल तर वाचकांना शोधायची कामं देऊन केलेल्या चाचणीत अपयशाचं खापर वाचकांवर फुटतं. अहवालात ‘वापरकर्त्यांना प्रशिक्षणाची गरज’ अशी शिफारस येते, एक कार्यशाळा होते, चहा-बिस्किटं होतात आणि ‘कांहीं’ जिथल्या तिथे राहतं.

आकडे आहेत, पण कशाचे?

‘संकेतस्थळाला इतक्या लाख भेटी’ हे वाक्य दिसलं की जाणकार समिती थांबते. भेट म्हणजे काय? सर्व्हरच्या नोंदवहीत एक पान उघडताना त्यावरची प्रत्येक प्रतिमा वेगळी मोजली जाऊ शकते. गूगलसारख्यांचे यांत्रिक फेरफटके गाळले नसतील तर आकडा फुगतो. वापराच्या मोजणीसाठी प्रकाशकांनी आणि ग्रंथालयांनी मिळून काउंटर नावाची आचारसंहिता केली आहे. तिची पहिली आवृत्ती २००३ची, पाचवी २०१९पासून लागू. तिच्यात यांत्रिक भेटी वगळाव्या लागतात, आणि एकाच दुव्यावर ३० सेकंदांच्या आत दोनदा क्लिक झालं तर ते एकच धरलं जातं. तुम्ही ती पाळायलाच हवी असं नाही, छोट्या संस्थेला ते झेपणारही नाही. पण तुमचा आकडा कशाचा, कोणत्या कालावधीचा आणि त्यातून काय वगळलं आहे, हे आकड्याच्या शेजारीच हवं. ते माहीत नसेल तर तो आकडा पार्श्वभूमीत घालू नका. आकडा नसल्याने मसुदा परत येत नाही, संशयास्पद आकड्याने येतो.

कालावधीबद्दल एक इशारा. २०२०-२१चा वापर आधाररेषा म्हणून धरणारे मसुदे अजूनही दिसतात. मार्च २०२०पासून वाचनकक्ष बंद होते, माणसं घरात होती. त्या वर्षांशी तुलना केली तर आजचा वापर घसरलेलाच दिसणार. महाविद्यालयांत परीक्षेचे महिने आणि सुट्टीचे महिने एकमेकांशी ताडून बघणं हा त्याच जातीचा घोटाळा.

वाचक कोण

‘विद्यार्थी, संशोधक आणि सर्वसामान्य वाचक’ हे शब्द कोणत्याही ग्रंथालयाला लागू पडतात, म्हणून पुसून टाका. त्याऐवजी माणूस कुठून, कशावर आणि कोणत्या परवानगीने वाचतो ते लिहा. ग्रंथालय फोर्टात किंवा दादरला आणि सभासद डोंबिवलीला, वसईला, हे मुंबईचं रोजचं चित्र आहे. बराचसा वाचनाचा वेळ लोकलमध्ये जातो, हातात फोन असतो, मध्येच नेटवर्क तुटतं. दोनशे पानांचं स्कॅन एकाच जड फाइलमध्ये ठेवलं असेल तर या वाचकासाठी ते नसल्यासारखंच.

परवानगीचा मुद्दा कॉपीराइटचा. १९५७च्या कायद्याप्रमाणे साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. अनुवादकाचा हक्क त्याच्या अनुवादापुरता स्वतंत्र. त्यामुळे स्कॅन झालेल्या सगळ्या पुस्तकांपैकी काहीच घरून उघडता येतात आणि बाकीची ग्रंथालयातल्या संगणकावर यावं तेव्हाच. ही विभागणी पार्श्वभूमीत नसेल तर ‘दूरस्थ वापर कमी आहे’ या निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही. दार बंद ठेवून माणसं आत का येत नाहीत असं विचारल्यासारखं होतं ते.

सिद्धांताची चौकट: एक पुरे

इथे थोडक्यात. रंगनाथनांची १९३१ची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री, त्याखाली दहा व्याख्या, त्याखाली कोणी कधी काय म्हटलं याची जंत्री, हे सगळं प्रबंधाच्या संदर्भ-साहित्याच्या प्रकरणात ठेवा. मूल्यमापनाच्या पार्श्वभूमीत एक चौकट घ्या आणि ती का घेतली ते एका वाक्यात सांगा. टेफ्को सारासेविच यांनी २००० साली मांडलेली विभागणी मला अजूनही उपयोगी वाटते: कशाचं मूल्यमापन, कोणत्या संदर्भात, कोणत्या निकषांवर, कोणत्या पद्धतीने. डिजिटल ग्रंथालयांवर संशोधन करणाऱ्या युरोपातल्या डेलोस गटाच्या कामातून आलेली वाचक, आशय आणि प्रणाली ही त्रिकोणी मांडणीही चालेल. वाचक आणि आशय यांच्यामध्ये उपयुक्तता, वाचक आणि प्रणाली यांच्यामध्ये वापरसुलभता, आशय आणि प्रणाली यांच्यामध्ये कार्यक्षमता. वर सांगितलेला ‘कांहीं’चा प्रश्न यातल्या तिसऱ्या बाजूचा आहे, आणि तो दुसऱ्या बाजूवरचा म्हणून मोजला जातो, हे या त्रिकोणात ठेवलं की चटकन दिसतं. चौकट एवढ्यासाठीच हवी.

अवघड जागी बोट

मागचं मूल्यमापन झालं होतं आणि त्याच्या शिफारशी अंमलात आल्या नाहीत. सर्व्हर काही काळ बंद होता. स्कॅनिंगचं कंत्राट मध्येच थांबलं आणि काही खंडांची पानं उलटसुलट लागली. ही माहिती पार्श्वभूमीतून गायब असते. ती कोणी मुद्दाम लपवतं असंही नाही. मसुदा कार्यवाहांच्या टेबलावरून जाताना ती वाक्यं हलकेच गळतात. त्यांचीही बाजू आहे: हाच कागद उद्या देणगीदाराच्या हातात पडणार असतो.

यावर चालणारा तोडगा म्हणजे व्यक्ती आणि दोष काढून घटना ठेवणं. ‘कंत्राटदाराच्या निष्काळजीपणामुळे’ काढा. ‘अमुक नियतकालिकाच्या तमुक खंडांत पानांचा क्रम तपासलेला नाही’ ठेवा. यावर सहसा कोणी आक्षेप घेत नाही, आणि मूल्यमापन करणाऱ्याला हवं ते मिळतं. देणगीदारांची नावं, उद्घाटनाचं छायाचित्र, मान्यवरांचे संदेश यांसाठी परिशिष्ट ‘अ’ राखून ठेवा. ते आहे हे दिसलं की मंडळी निवांत होतात.

आधी आणि नंतर

गिरगावातल्या एका काल्पनिक सार्वजनिक ग्रंथालयाचा परिच्छेद. आधीचा असा:

‘गिरगावच्या सांस्कृतिक जडणघडणीत मोलाचं योगदान देणाऱ्या आमच्या ग्रंथालयाने काळाची पावलं ओळखून डिजिटल युगात पदार्पण केलं. दुर्मीळ ग्रंथांचा अमूल्य ठेवा जगभरातल्या मराठी वाचकांना एका क्लिकवर उपलब्ध झाला असून त्यास उदंड प्रतिसाद लाभत आहे. या उपक्रमाचं मूल्यमापन होणं गरजेचं आहे.’

नंतरचा असा, रिकाम्या जागा संस्थेने भरायच्या:

‘ग्रंथालयाने १९४०पूर्वीची मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं ____ ते ____ या काळात स्कॅन केली. ____ शीर्षकांपैकी ____ शीर्षकांचा ओसीआर झाला आहे. उरलेल्यांची पानं चित्ररूपात आहेत आणि त्यांत शोध चालत नाही. नोंदी जुन्या तालिका-कार्डांवरून केल्या असून लेखकनावांची रूपं एकसारखी केलेली नाहीत. ____ शीर्षकं घरून वाचता येतात, बाकीची संदर्भ विभागातल्या संगणकांवरच उघडतात. मूळ प्रस्तावात संपूर्ण मजकुरात शोधाची सोय कबूल केली होती. पुस्तक असूनही शोधात सापडत नाही, अशा तक्रारी संदर्भ विभागाच्या नोंदवहीत वारंवार आहेत. त्यामागचं कारण ओसीआर, नोंदी की वाचकांची शोधायची रीत, हे आजवर तपासलेलं नाही. पुढचा निधी नव्या स्कॅनिंगवर खर्च करायचा की नोंदींच्या दुरुस्तीवर, हे कार्यकारी मंडळाने ____ पर्यंत ठरवायचं आहे.’

दुसऱ्यात विशेषणं जवळजवळ नाहीत, आणि तरी ग्रंथालयाबद्दल पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात मोलाचं. काय माहीत नाही ते तिथे नेमकं सांगितलंय, आणि मूल्यमापनाचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. रिकाम्या जागा भरताना दाखल नोंदवही, देवघेव विभाग आणि संगणकाचं काम बघणारा माणूस या तिघांकडे जावं लागेल. एखादी जागा कोणालाच भरता आली नाही तर ती रिकामी असल्याचंच लिहा. उदाहरणार्थ, घरून उघडणारी शीर्षकं किती हे संस्थेला माहीत नसेल, तर ती मोजणं हे मूल्यमापनातलं पहिलं काम ठरतं आणि त्यासाठी वेळापत्रकात आठवडा धरावा लागतो.

लांबीचं म्हणाल तर दीड-दोन पानं भरपूर झाली. मोठ्या संस्थेला तीन.

तरीही परत आलं तर

हे सगळं करूनही मसुदा परत आला तर शेरे कोणाचे आहेत ते वेगवेगळं करून बघा. एका सदस्याला इतिहास हवा असतो, दुसऱ्याला तो नको असतो, आणि दोघांचे शेरे एकाच प्रतीवर येतात. दोघांनाही खूश करणारा मसुदा लिहायला जाऊ नका, तो तिसऱ्याला आवडणार नाही. बहुतेक वेळा त्यांचं दुमत पार्श्वभूमीवर नसतंच. एकाच्या मनात हे मूल्यमापन अनुदान चालू ठेवण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या मनात सॉफ्टवेअर बदलण्यासाठी. अशा वेळी पार्श्वभूमी बाजूला ठेवा. निर्णय आणि प्रश्न लिहिलेला तो सुरुवातीचा एक कागद घ्या, अध्यक्षांकडून अर्धा तास मागा आणि फक्त त्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. समासातले क्रमांक त्याप्रमाणे पुन्हा टाकले की कोणता परिच्छेद राहतो आणि कोणता जातो, यावर वेगळी चर्चा करावी लागत नाही. सह्या मिळाल्याच नाहीत, तर आराखडा पुढे पाठवायची घाई करू नका. मूल्यमापन कशासाठी करायचं हेच संस्थेने अजून ठरवलेलं नाही.